पाचवी सिंफनी आणि मीमांसकांचा न्याय

२२ डिसेंबर १८०८ रोजी, कडाक्याच्या थंडीत, व्हिएन्ना शहरातील ‘थिएटर आन देर वीन’ या नाट्यगृहात लुडविग फान बीथोव्हनने आपल्या नव्या रचनांचा एक दीर्घ जलसा घडवून आणला. तो सुमारे चार तास चालला; पाचवी आणि सहावी या दोन्ही सिंफनी त्याच रात्री प्रथम लोकांच्या कानी पडल्या; तालमी अपुऱ्या झाल्या होत्या, नाट्यगृह गारठलेले होते, आणि शेवटच्या रचनेत तर वादकांची अशी फसगत झाली की, वादन मध्येच थांबवून पुन्हा आरंभ करावा लागला. त्या रात्री जी पाचवी सिंफनी वाजली ती वाजता वाजताच हवेत विरून गेली आणि तिचा कोणताही ध्वनिरूप अवशेष जगात उरला नाही. आज मात्र तिची शेकडो ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत, आणि ती एकापाठोपाठ एक लावून ऐकली असता पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, त्यांतील कोणतीही दोन एकमेकांशी जुळत नाहीत: एकाची लय दुसऱ्याच्या लयीहून निराळी, एकातील वाद्यांचा मेळ दुसऱ्यातील मेळाहून निराळा, एकाच्या आरंभी जो स्वर क्षणभरच थांबतो तोच दुसऱ्याच्या आरंभी श्वास कोंडेपर्यंत लांबतो. असे असूनही त्या सर्वांना आपण बेलाशक ‘बीथोव्हनची पाचवी’ असेच म्हणतो. हे आपण कोणत्या आधारावर म्हणतो, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

ध्वनिमुद्रणांची तुलना करणाऱ्या रसिकांत सहसा जी चर्चा चालते ती ‘सर्वांत उत्तम कोणते’ या प्रश्नाभोवती फिरते, आणि त्या चर्चेत कोणी टोस्कानिनी या वाद्यवृंद-संचालकाची बाजू घेतो, कोणी फुर्टव्हेंगलरची, तर कोणी कार्लोस क्लायबरची. पण तुलनेला प्रमाण लागते, आणि अस्सल दस्तऐवज दप्तरात असल्याखेरीज नकलेचा खरेखोटेपणा पडताळता येत नाही. या प्रकरणी अस्सल कोठे आहे? ते छापील स्वरलिपीत आहे म्हणावे, तर कागद मुका असतो आणि सिंफनी ही ऐकण्याची वस्तू आहे. ते पहिल्या प्रयोगात होते म्हणावे, तर तो प्रयोगच सदोष होता आणि शिवाय तो नष्ट झाला. ते रचनाकाराच्या मनात होते म्हणावे, तर त्या मनापर्यंत पोहोचण्याचा मार्ग पुन्हा त्या कागदावरूनच जातो. येणेप्रमाणे अस्सलाचा शोध करू लागले की प्रत्येक दाव्यापाशी वाट खुंटते, आणि ज्याला आपण रुचीचा किरकोळ वाद समजत होतो त्याच्या तळाशी नित्य-अनित्याचा जुना वाद दडलेला आढळतो.

हा वाद आपल्याकडे शब्दाच्या संदर्भात फार पूर्वी झाला आहे. नैयायिकांचे म्हणणे असे की, शब्द उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. जितक्या वेळा उच्चार तितके शब्द. मीमांसकांचे म्हणणे असे की, शब्द नित्य आहे. उच्चाराने तो उत्पन्न होत नाही, केवळ अभिव्यक्त होतो. या मताच्या समर्थनार्थ शबरस्वामींनी लोकव्यवहाराचा एक फार मार्मिक दाखला दिला आहे: कोणी ‘गो’ हा शब्द आठ वेळा उच्चारला तर लोक ‘गो हा शब्द आठ वेळा उच्चारला गेला’ असे म्हणतात, ‘आठ गो-शब्द झाले’ असे कोणी म्हणत नाही. सिंफनीच्या बाबतीत आपण नेमके हेच करतो. आठ निरनिराळ्या वाद्यवृंदांकडून ती ऐकलेला मनुष्य ‘मी पाचवी आठ वेळा ऐकली’ असे म्हणतो. ‘मी आठ पाचव्या ऐकल्या’ असे म्हणणारा अद्याप भेटलेला नाही. यावर प्रतिपक्षाचे उत्तरही तितकेच जुने आणि तितकेच सबळ आहे. दिव्याची ज्योत क्षणोक्षणी निराळी असूनही आपण तिला तीच ज्योत म्हणतो; कापलेली नखे पुन्हा वाढली की तीच नखे म्हणतो; तेव्हा ‘तेच हे’ ही ओळख एकत्वाचा पुरावा होऊ शकत नाही, ती सादृश्याने पडलेली भूल असू शकते.

या वादाचा फैसला येथे करण्याची गरज नाही. आपल्या कामाचा भाग पुढे आहे, आणि तो वैयाकरणांनी सांगितला आहे. एकच वाक्य कोणी द्रुत गतीने म्हणतो, कोणी मध्यम, कोणी विलंबित. तर मग शब्द बदलतो का, असा प्रश्न पतंजलींच्या महाभाष्यात आला आहे. त्यावर त्यांनी नगाऱ्याचा दृष्टांत दिला: नगाऱ्यावर आघात केला असता एकाचा नाद वीस पावले जातो, एकाचा तीस, एकाचा चाळीस, स्फोट, म्हणजे ध्वनीतून प्रकट होणारा मूळ शब्द, मात्र तेवढाच असतो, वाढ होते ती ध्वनीमुळे. भर्तृहरीने हा विचार पुढे नेऊन ध्वनीचे दोन प्रकार केले. ऱ्हस्व, दीर्घ, प्लुत हा भेद प्राकृत ध्वनीचा असून तो शब्दाच्या स्वरूपातच मोडतो. द्रुत, मध्यम, विलंबित हा भेद वैकृत ध्वनीचा असून त्याने शब्दाला बाध येत नाही. स्वरलिपीत हा भेद जणू छापूनच दिलेला असतो. कोणता स्वर कोणाच्या दुप्पट, कोणता कोणाच्या निमपट हे स्वरांचे परस्परप्रमाण म्हणजे तेथील ऱ्हस्व-दीर्घ; आणि समग्र रचना किती वेगाने न्यावयाची ही झाली वृत्ती. भर्तृहरीचा निर्णय जसाच्या तसा लावला तर फुर्टव्हेंगलरची विलंबित पाचवी आणि जॉन एलियट गार्डिनरची द्रुत पाचवी या एकाच स्फोटाच्या दोन वृत्ती ठरतात, आणि सारी तकरार मिटते.

परंतु ती इतक्या सुखाने मिटत नाही, कारण येथे खुद्द बीथोव्हनच हरकत घेतो. योहान मेल्त्सेलने मेट्रोनोम हे लयमापक यंत्र प्रचारात आणल्यावर १८१७ साली बीथोव्हनने आपल्या पहिल्या आठ सिंफनींच्या प्रत्येक भागासाठी वेगाचे आकडे प्रसिद्ध केले. पाचवीच्या पहिल्या भागास त्याने मिनिटाला १०८ बार हा वेग नेमून दिला. त्या भागाचे बार ५०२. त्यांतील पहिले १२४ पुन्हा वाजवावेत अशी खूण आहे. तेव्हा हिशेब केला असता हा भाग पुनरावृत्तीसह पावणेसहा मिनिटांहून किंचित अधिक वेळात आणि मधले विराम धरून सहा मिनिटांच्या आसपास संपला पाहिजे. गार्डिनरने जुन्या घडणीच्या वाद्यांवर, आतड्याच्या तारा लावलेल्या व्हायोलिनांवर केलेले आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेले ध्वनिमुद्रण या आकड्याच्या बरेच जवळ जाते. १९७४ साली व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून कार्लोस क्लायबरने करवून घेतलेल्या ध्वनिमुद्रणात हाच भाग सात मिनिटांहून थोडा अधिक चालतो. आणि फुर्टव्हेंगलरने १९४७ सालच्या मे महिन्यात बर्लिनमध्ये केलेल्या वादनात तो आठ मिनिटांच्या घरात जातो. रचनाकाराने वेग हा वैकृत मानला असता तर त्याने आकडे छापण्याची तसदी घेतली नसती. त्याच्या दृष्टीने तो रचनेचाच अंश होता.

तथापि या आकड्यांचा अंमल फार काळ कोणी मानला नाही. रिखार्ट वागनेरने १८६९ साली संचालनकलेवर जो निबंध लिहिला त्यात खरी लय शोधून काढणे हेच संचालकाचे सर्वस्व ठरविले, आणि ती लय यंत्रातून न घेता रचनेच्या अंतर्गत गेयतेतून घ्यावी असा आग्रह धरला. विसाव्या शतकात सेर्जू चेलिबिडाके या रुमानियन संचालकाने हा विचार शेवटच्या टोकापर्यंत नेला. तो झेन बौद्धमताचा अभ्यासक होता आणि हुसर्लच्या तत्त्वज्ञानाचा त्याच्यावर पगडा होता. त्याचे म्हणणे असे की, लय ही संख्या असूच शकत नाही; त्या विशिष्ट दालनात, त्या विशिष्ट क्षणी उठणाऱ्या नादांची अनेकता श्रोत्याच्या चित्तात एक होण्यास जितका अवकाश लागतो तितकी लय खरी. दालन बदलले की नाद बदलतो, नाद बदलला की लय बदलली पाहिजे. यावरून ओघानेच त्याने असा निष्कर्ष काढला की, ध्वनिमुद्रण ही मुळातच खोटी वस्तू आहे, कारण एका दालनासाठी सिद्ध झालेली लय ते दुसऱ्या दालनात लादते. आणि तरुणपणीचे काही अपवाद वगळता त्याने आपल्या वादनाच्या तबकड्या काढू दिल्या नाहीत. क्षणिकवादाची इतकी कडक निष्ठा कलाक्षेत्रात क्वचितच दिसते. १९९६ साली तो वारला, आणि त्यानंतर कुटुंबीयांच्या संमतीने त्याच्या म्युनिकमधील मैफलींची ध्वनिमुद्रणे बाजारात आली. आज जग त्याला ओळखते ते मुख्यत्वे त्यांच्यामुळेच.

एका बाजूस आकडा, दुसऱ्या बाजूस क्षण, आणि दोन्ही बाजूंना सबळ कारणे. अशा ठिकाणी अडकल्यावर मला वाटते, आपण प्रारंभीच एक गफलत केलेली असते. स्वरलिपी म्हणजे एका ध्वनिवस्तूचे वर्णन आहे असे आपण गृहीत धरतो आणि मग ती वस्तू शोधत बसतो. वस्तुतः स्वरलिपीत कोठेही ‘असे आहे’ असे लिहिलेले नसते. तेथे जे काही आहे ते ‘असे करा’ या स्वरूपाचे आहे. जोरात वाजवा, येथे थांबा, येथून हळूहळू वाढवत न्या, हा स्वर बासूनने धरावा. मीमांसकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर स्वरलिपी हा विधी आहे आणि वादन हे अनुष्ठान. ‘शब्द नित्य की अनित्य’ या वादात आपल्याला न सापडलेले उत्तर त्याच मीमांसकांच्या कर्मविचारात अगदी सरळ सापडते. यज्ञ हा वेदाच्या पोथीत नसतो, तो कोण्या एका यजमानाने केलेल्या एका यज्ञातही संपत नाही; निरनिराळ्या शाखांत थोड्याफार फरकाने सांगितलेला अग्निहोत्र हा एकच अग्निहोत्र होय असे जैमिनीने ठरविले आहे, कारण त्याचे विधान एक, फल एक आणि नाव एक. येथे वेद अपौरुषेय आणि स्वरलिपी पौरुषेय, हा भेद मी विसरलेलो नाही. पण विधी देणारा हयात नसला म्हणजे पौरुषेय आज्ञेचाही अर्थ अखेर तिच्या अक्षरांवरूनच लावावा लागतो, आणि तेवढ्यापुरते मीमांसकांचे न्याय येथेही लागू पडतात.

हे न्याय लावून पाचवीचे पहिले पाच बार तपासून पाहावेत. आरंभीच एक लहानसा विराम आहे; म्हणजे ही सिंफनी खरे पाहता नि:शब्दतेनेच सुरू होते. मग तीन तुटक स्वर आणि चौथा, खाली उतरलेला, ज्याच्या डोक्यावर थांबण्याची खूण आहे. पुन्हा तसेच तीन आणि पुन्हा थांबा. हा दुसरा थांबा दोन बारांवर पसरलेला, म्हणून पहिल्याहून लांब. वाजवणारी वाद्ये तेवढी तंतुवाद्ये आणि क्लॅरिनेट. इतके सगळे निश्चित आहे आणि येथे कोणालाही मुभा नाही. पण थांबावयाचे म्हणजे किती वेळ, हे त्या खुणेत सांगितलेले नाही, आणि ते तीन स्वर पुढच्या वेगातच वाजवावेत की घोषणेप्रमाणे जड पावलांनी, हेही अक्षरशः सांगितलेले नाही. आर्तूर निकिशने १९१३ साली बर्लिन फिलहार्मोनिककडून, कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसविलेल्या वादकांकडून जे ध्वनिमुद्रण केले त्यात हे आरंभीचे स्वर संथ, भारदस्त आहेत, आणि वेग त्यानंतर धरला जातो. फुर्टव्हेंगलर त्याच परंपरेतला; त्याचे थांबे इतके दीर्घ की पुढे काही येणार आहे याचाच विसर पडावा. टोस्कानिनीच्या १९५२ सालच्या ध्वनिमुद्रणात आणि क्लायबरच्या ध्वनिमुद्रणात तेच स्वर पुढच्या प्रवाहाचा पहिला लोंढा म्हणून येतात. यज्ञात पुरोडाशासाठी व्रीही (तांदूळ) घ्यावेत असे एक वचन आहे आणि यव (जव) घ्यावेत असे दुसरे. दोन्ही सारखीच प्रमाण असल्याने मीमांसक तेथे विकल्प मानतात. ज्याने व्रीही घेतले त्याचा यज्ञ पुरा झाला, ज्याने यव घेतले त्याचाही झाला. मात्र अर्ध्या कर्मात व्रीही आणि अर्ध्यात यव अशी सरमिसळ चालत नाही. ध्वनिमुद्रणांची तुलना करणाऱ्याने हा न्याय ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जेथे विधी मौन आहे तेथे निकिशला टोस्कानिनीच्या मापाने मोजू नये. मोजावयाचे ते इतकेच की, आरंभी जो पक्ष स्वीकारला तो त्या संचालकाने शेवटपर्यंत निभावला की नाही.

याहून अवघड प्रसंग पहिल्या भागाच्या उत्तरार्धात येतो. पूर्वार्धात दुसरी चीज सुरू होण्यापूर्वी हॉर्न हे वाद्य एक खणखणीत ललकारी देते. उत्तरार्धात ती ललकारी परत येते तेव्हा मूळ स्वर बदललेला असतो, आणि त्या काळच्या खुंट्या नसलेल्या हॉर्नवर, नळी बदलल्याखेरीज, तेथले स्वर नीट निघत नसत. म्हणून बीथोव्हनने ती बासूनना दिली. बासूनचा आवाज हॉर्नच्या मानाने कोरडा आणि काहीसा ओशाळवाणा. पुढे एकोणिसाव्या शतकात खुंट्यांचे हॉर्न आले, ही अडचण राहिली नाही, आणि अनेक संचालकांनी ती ललकारी हॉर्नना परत देऊन टाकली, किंवा बासूनच्या जोडीला हॉर्न उभे केले. त्यांचा युक्तिवाद असा की, बीथोव्हनला हॉर्नच हवे होते, बासून ही केवळ वेळ मारून नेण्याची तजवीज होती. मीमांसेत हा प्रश्न प्रतिनिधीच्या अधिकरणात येतो: व्रीही न मिळाल्यास नीवार, म्हणजे रानतांदूळ, घ्यावेत, पण ते व्रीहींच्या बदली म्हणूनच, मुख्य द्रव्य उपलब्ध असताना प्रतिनिधीला जागा नाही. या न्यायाने हॉर्नवाल्यांचा पक्ष बळकट दिसतो खरा. पण त्यात एक पायरी गाळलेली आहे. बासून हा प्रतिनिधी आहे हे कोणी सांगितले? स्वरलिपीत ‘हॉर्न नसल्यास बासून’ असे लिहिलेले नाही. तेथे बासून असेच लिहिलेले आहे आणि जोरात वाजवा असे लिहिलेले आहे. प्रत्यक्ष विधान समोर असताना कर्त्याच्या मनातील अनुच्चारित इच्छेचे अनुमान करून ते बाजूस सारणे म्हणजे श्रुतीवर अनुमानाची मुखत्यारी चालविणे होय. ज्यांनी जुन्या वाद्यांवर ही सिंफनी वाजविली त्यांच्या ध्वनिमुद्रणांत ती बासूनची ललकारी ऐकली की तिच्यातला कोरडेपणाही अर्थपूर्ण वाटू लागतो. पूर्वार्धातला आत्मविश्वास येथे उरलेला नाही, ही गोष्ट त्या एका वाद्याच्या बदलाने कळते. माझ्या मते येथे विकल्प नाही. येथे बासूनच्याच बाजूने निवाडा व्हावा.

मग प्रश्न उरतो तो चुकांचा. अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन याने १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, स्वरलिपीशी संपूर्ण अनुरूप असेल तेच त्या रचनेचे वादन. एक स्वर चुकला तरी ते त्या रचनेचे वादन राहत नाही. तर्काच्या दृष्टीने त्याला असे म्हणणे भाग होते, कारण एक चूक खपवून घेतली की दुसरी, तिसरी असे करीत करीत भलत्याच रचनेपर्यंत घसरता येते. पण हे मत मान्य केले तर १८०८ सालच्या त्या गारठलेल्या रात्री पाचवी बहुधा वाजलीच नाही असे म्हणावे लागेल, आणि मैफलीत प्रत्यक्ष वाजताना मुद्रित झालेली बहुतेक थोर वादने बाद होतील. येथेही मीमांसक अधिक शहाणे ठरतात. काम्य कर्म, म्हणजे फलाच्या इच्छेने केलेले कर्म, सर्व अंगांसह पुरे झाले तरच फळते. नित्य कर्म मात्र यथाशक्ती करावे, त्यातले एखादे अंग राहिले तरी ते कर्म घडले असेच समजावे. स्टुडिओतील ध्वनिमुद्रण हे मला काम्य कर्माच्या जातीचे वाटते. चुंबकीय फीत आल्यापासून निरनिराळ्या दिवशी वाजविलेले तुकडे निवडून, कापून, जोडून निर्दोष वादन सिद्ध करता येऊ लागले. त्यात एकही स्वर चुकत नाही, पण ते जसे आपण ऐकतो तसे कोणत्याही दालनात, कोणत्याही दिवशी, कोणीही वाजविलेले नसते. उलट मैफलीतले वादन हे नित्यकर्म: त्यात व्हायोलिनांचा प्रवेश किंचित विस्कळीत होतो, कोणी खोकते, पण एका मनुष्यसमूहाने एका सायंकाळी तो विधी पाळला ही गोष्ट त्यात निर्विवाद असते. दोहोंना आपापली जागा आहे. मात्र पहिल्याच्या निर्दोषतेने दुसऱ्याला दोष देणे हा अधिकरणाचा घोटाळा होय.

याहून गंभीर चूक स्वरांची नसते, प्रसंगाची असते. १९ एप्रिल १९४२ रोजी, हिटलरच्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येस, बर्लिनमध्ये फुर्टव्हेंगलरने बीथोव्हनची नववी सिंफनी सादर केली. वादन संपल्यावर नाझी प्रचारमंत्री गोबेल्स त्याच्याशी हस्तांदोलन करतो ते दृश्य चित्रफितीत आजही पाहावयास मिळते. त्या वादनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे आणि ते विलक्षण सामर्थ्याचे आहे. युद्धानंतर चौकशी होऊन तो दोषमुक्त ठरला, आणि २५ मे १९४७ रोजी बर्लिनच्या टिटानिया पालास्ट या चित्रपटगृहात त्याने आपल्या वाद्यवृंदापुढे पुन्हा उभे राहून ज्या रचना वाजविल्या त्यांत पाचवी होती. तिचेच दोन दिवसांनंतरचे वादन वर उल्लेखिलेल्या ध्वनिमुद्रणात आहे. १९८९ च्या नाताळात, बर्लिनची भिंत खुली झाल्यावर, लेनर्ड बर्नस्टाइनने त्याच शहरात तीच नववी सादर करताना गीतातील ‘आनंद’ या शब्दाच्या जागी ‘स्वातंत्र्य’ हा शब्द घातला. मंत्र तोच, विनियोग निराळा. आणि बर्नस्टाइनने केले त्याला तर मीमांसकांचे नेमके नावही आहे, ते म्हणजे ऊह, अग्नीसाठीचा मंत्र सूर्याच्या यागात वापरताना अग्नीच्या जागी सूर्याचे नाव घालावे तसे. पण १९४२ च्या वादनाला काय म्हणावे? शत्रूच्या नाशासाठी सांगितलेल्या श्येनयागाविषयी शबरस्वामी म्हणतात की, वेद तेथे केवळ साधन सांगतो. हिंसा करा असे सांगत नाही. ती इच्छा करणाऱ्याची, आणि तिचे पापही त्याचेच. याहून न्याय्य उत्तर मला सुचत नाही. नववीच्या स्वरांना त्या सायंकाळचा डाग लागत नाही, आणि त्या स्वरांच्या पावित्र्याने त्या सायंकाळचे क्षालनही होत नाही. जो श्रोता हे ध्वनिमुद्रण ऐकतो त्याने दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाणून ऐकावे. पहिलीवर बोट ठेवून दुसरीची मखलाशी करू नये.

आता एक शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्याकडील रसिकांना विशेष लागू आहे. मुंबईत मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता पुढे जगद्विख्यात संचालक झाले, आणि २००६ पासून मुंबईच्या एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ही संस्था नांदत आहे. हे सर्व खरे असले तरी बहुसंख्य मराठी रसिकांना सिंफनी प्रथम भेटली ती दालनात नव्हे, तबकडीवर. जे ध्वनिमुद्रण प्रथम हाती लागले तेच कानात बसले, आणि त्यापुढे ऐकलेले प्रत्येक वादन त्याच्या मापाने जास्त जलद किंवा जास्त संथ ठरू लागले. एका अनुष्ठानाला विधीचे स्थान मिळाले. स्मृतीला श्रुतीची जागा दिली गेली. मैफलीतून ख्याल ऐकणारा मनुष्य ही चूक सहसा करीत नाही, कारण तोच गवई उद्या तीच बंदिश निराळी मांडणार हे त्याला ठाऊक असते. तबकडीची सुई मात्र रोज त्याच जागी तोच स्वर देते, आणि त्या नियमितपणालाच आपण प्रामाण्य समजू लागतो. जैमिनीचा नियम या बाबतीत स्वच्छ आहे: श्रुती आणि स्मृती यांचा विरोध आल्यास स्मृती बाजूस ठेवावी. आणि श्रुतीचा पाठही तपासून घ्यावा लागतो. जॉनथन डेल मार या संशोधकाने हस्तलिखिते व जुन्या छापील प्रती ताडून बीथोव्हनच्या नऊही सिंफनींचा शुद्ध पाठ १९९६ ते २००० या काळात सिद्ध केला, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या वाजत आलेले कित्येक स्वर आणि खुणा मुळात तशा नव्हत्याच असे आढळून आले. पूर्वीचे संचालक त्यामुळे अपराधी ठरत नाहीत. त्यांच्या पुढ्यात जो पाठ होता तो त्यांनी पाळला.

तेव्हा पाचवी सिंफनी कोणती, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, ती कोणत्याही एका ध्वनिमुद्रणात नाही आणि सर्व ध्वनिमुद्रणांच्या बेरजेतही नाही. दोन शतकांपूर्वी घालून दिलेली ती एक आज्ञा असून, जो जो वाद्यवृंद ती प्रामाणिकपणे पाळतो त्याच्या वादनात ती पूर्णपणे उपस्थित असते, जशी पूर्वीच्या वादनात होती आणि पुढच्यात असेल. ध्वनिमुद्रणांची तुलना करावयाची ती आज्ञा कोठे पाळली गेली, कोठे मोडली आणि ती जेथे मौन आहे तेथे कोणी कोणता मार्ग पत्करला, हे जाणून घेण्यासाठी. विजेता घोषित करण्याचे काम त्या तुलनेचे नाही. वाचकांस एवढीच विनंती आहे की, ज्या एका ध्वनिमुद्रणावर आपली निष्ठा जडली असेल ते खुशाल जवळ बाळगावे, परंतु त्याच्या शेजारी त्याच्या अगदी विरुद्ध प्रकृतीचे दुसरे एक ठेवावे आणि वर्षातून एकदा तरी ती दोन्ही स्वरलिपी समोर घेऊन ऐकावीत. ज्याला स्वरलिपी वाचता येत नाही त्याने पहिल्या पाच बारांपुरती तरी ती कोणाकडून समजावून घ्यावी, कारण विधी काय आहे हे जाणल्याखेरीज अनुष्ठानाची पारख करण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.